अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजचं दोन वर्षांचं तांत्रिक शिक्षण घेऊन ट्रॅफिक इंजिनिअर होता येतं का, की कायम टेक्निशियनच राहावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की महाराष्ट्रात सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, काही वर्षं रस्त्याच्या साइटवर सुपरवायझर होतात, आणि आता नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आहात. पुन्हा चार वर्षांची डिग्री करायची तयारी नाही. कम्युनिटी कॉलेजमधून ट्रॅफिकच्या क्षेत्रात शिरलं तर पुढे काय, असा प्रश्न आहे.

मी याच वाटेने गेलेय. शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, मग इथलं कम्युनिटी कॉलेज, मग एका शहराच्या ट्रॅफिक विभागात टेक्निशियन, नोकरी सांभाळत रडतखडत डिग्री, आणि शेवटी पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स. आता त्याच विभागात नव्या टेक्निशियनच्या मुलाखती घेणाऱ्यांत मीही असते.

नोकरी मिळते, बऱ्यापैकी लवकर मिळते. पण 'इंजिनिअर' हे बिरुद इथे कॉलेजच्या हातात नसतं. ते राज्याचं लायसन्स बोर्ड देतं. म्हणून आधी बोर्डाचे नियम वाचा आणि मग कोर्स निवडा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आपल्याकडची सवय वेगळी असते. सार्वजनिक बांधकाम खात्यात डिप्लोमा झालेला माणूस कनिष्ठ अभियंता म्हणून लागतो आणि पहिल्या दिवसापासून सगळे त्याला साहेब म्हणतात. पुढे उपअभियंताही होतो. इथे ते चालत नाही, आणि किती चालत नाही याचा एक गाजलेला किस्सा आहे. ओरेगनमधल्या बीव्हर्टन शहरात 2013 साली मॅट्स यार्लस्ट्रॉम नावाच्या गृहस्थाच्या बायकोला सिग्नलच्या कॅमेऱ्याने दंड केला. हा गृहस्थ मूळचा स्वीडनचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याने पिवळ्या दिव्याचं गणित तपासलं. वळण घेणारी गाडी चौकात शिरण्याआधी वेग कमी करते, आणि जुन्या सूत्रात याचा हिशेबच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ते त्याने राज्याच्या इंजिनिअरिंग बोर्डाला कळवलं, पत्रात स्वतःला इंजिनिअर म्हणवून. बोर्डाने गणित बाजूला ठेवलं आणि लायसन्स नसताना इंजिनिअरगिरी केली म्हणून त्यालाच 500 डॉलर दंड ठोठावला. तो फेडरल कोर्टात गेला आणि 2018 च्या डिसेंबरमध्ये जिंकला. 2020 साली इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या पिवळ्या दिव्याच्या नव्या शिफारशींत त्याचं सूत्र आलंसुद्धा. पण प्रत्येकाला कोर्टात जाऊन जिंकायला वेळ आणि वकील मिळत नाहीत, तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर काय छापताय ते जपून.

आता कॉलेजात काय शिकवतात ते. दोन वर्षांच्या सिव्हिल टेक्नॉलॉजीच्या कोर्समध्ये सर्व्हेइंग, ऑटोकॅड आणि सिव्हिल थ्रीडी, नकाशे वाचणं, मटेरियल टेस्टिंग, बांधकामाची तपासणी, जीआयएस म्हणजे संगणकावरचे माहितीचे नकाशे, ट्रिगनॉमेट्रीपर्यंतचं गणित आणि तांत्रिक लेखन असतं. निव्वळ ट्रॅफिकचा विषय बहुतेक ठिकाणी नसतोच, फार तर हायवे डिझाइनमध्ये दोन-तीन आठवडे त्याला मिळतात. तुमच्या डिप्लोमातलं अर्धंअधिक पुन्हा समोर येईल, आणि लेव्हलिंगच्या प्रॅक्टिकलला तुम्ही वर्गातल्या पोरांना शिकवत बसाल. कंटाळा येईल. तरी दोन गोष्टींसाठी ते सोसावं. इथली एककं आणि इथले मॅन्युअल हाताखालून जातात: फूट, इंच, मैल, आणि एमयूटीसीडी, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक पाटी, पट्टा आणि सिग्नल कुठे नि कसा असावा हे सांगणारं फेडरल पुस्तक. ते पहिल्यांदा 1935 साली निघालं, अकरावी आवृत्ती 2023 च्या डिसेंबरात आली. दुसरी गोष्ट इंटर्नशिप. शहरांचे आणि काउंटींचे ट्रॅफिक विभाग विद्यार्थी सहायक घेतात, आणि पुढे कायम जागा निघाली की ओळखीचा, काम माहीत असलेला चेहरा पुढे असतो. माझ्या माहितीतले बरेच जण असेच आत शिरले.

खर्चाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर पडतात. साधारण 60 युनिटची असोसिएट डिग्री धरली तर फी तीन हजार डॉलरच्या आत बसते. पुस्तकं आणि पार्किंग वेगळं. रहिवासी ठरण्यासाठी मात्र राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं दाखवावं लागतं. त्याआधी प्रवेश घेतलात तर बाहेरच्यांची फी लागते, ती कितीतरी पट आहे. घाई करू नका.

पहिली नोकरी कशी असते, ते जरा सविस्तर सांगते, कारण करिअरवर खरा परिणाम तिथेच होतो.

रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकायच्या. चाक गेलं की हवेचा दाब जातो आणि मोजणी होते. ठरावीक अंतरावर दोन नळ्या टाकल्या की वेगही कळतो. मोजणी शक्यतो मंगळवार ते गुरुवार, शाळांना सुट्टी नसताना. चौकातली वळणं सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा मोजायची. अपघातांच्या पोलीस रिपोर्टांवरून कुठली गाडी कुठून आली, कुठे धडकली, याचे नकाशे काढायचे. नागरिकांच्या तक्रारी घ्यायच्या, ज्यात निम्म्या 'आमच्या गल्लीत स्टॉप साइन लावा' अशाच असतात. मग त्यांना शांतपणे समजवायचं की स्टॉप साइन किंवा सिग्नल मागणीवर मिळत नाही, त्याला निकष असतात. सिग्नलचेच नऊ आहेत. पहिल्या निकषातली एक अट अशी, की दोन्ही रस्त्यांना एकेक लेन असेल तर दिवसातले कुठलेही आठ तास मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजू मिळून ताशी 500 आणि छोट्या रस्त्यावर जास्त वर्दळीच्या बाजूने ताशी 150 गाड्या हव्यात. हे आकडे डोक्यात बसतात ते नळ्या टाकून, वर्गात बसून नाही.

आणि त्या मोजणीला वजन असतं. कॅलिफोर्नियात बऱ्याच रस्त्यांवर पोलिसांना रडार लावून दंड करायचा असेल, तर त्या रस्त्याच्या वेगमर्यादेमागे वैध मुदतीतला इंजिनिअरिंग अँड ट्रॅफिक सर्व्हे असावा लागतो. नसेल तर कायद्याच्या भाषेत तो स्पीड ट्रॅप ठरतो आणि पोलिसाची साक्ष कोर्टात टिकत नाही. त्या सर्व्हेतला वेग, म्हणजे शंभरातल्या 85 गाड्या ज्या वेगाच्या आत धावतात तो, बहुधा एखाद्या टेक्निशियनने रस्त्याच्या कडेला गाडीत बसून मोजलेला असतो. सही इंजिनिअरची असते. वकील खोदून विचारायला लागला की मात्र शोधाशोध टेक्निशियनच्या फील्ड शीटची होते. हवामान काय होतं, किती गाड्या मोजल्या, गाडी कुठे उभी केली होती, सगळं त्यात लागतं.

कम्युनिटी कॉलेजातून आलेली मंडळी इथे उजवी ठरतात. चार वर्षांची डिग्री घेऊन थेट ऑफिसात आलेला पोरगा सॉफ्टवेअरवर चौकाचं मॉडेल झटकन करतो, पण डावीकडे वळणाऱ्यांची रांग प्रत्यक्षात पलीकडच्या पेट्रोलपंपापर्यंत जाते हे त्याला स्क्रीनवर दिसत नाही. टेक्निशियनला ते ठाऊक असतं. आमच्याकडे एक जण ड्राफ्टिंगचा कोर्स करून आला होता. बांधकामाच्या वेळी वाहतूक कशी वळवायची याचे आराखडे तो काढायचा. त्याचा आराखडा साइटवरून परत आलेला मला आठवत नाही. आता तो एका खाजगी फर्ममध्ये सीनियर डिझायनर आहे, लायसन्स नाही, आणि नव्याने लायसन्स मिळालेल्यांपेक्षा जास्त कमावतो.

सिग्नलची शाखा वेगळीच आहे, आणि माझ्या मते दोन वर्षांच्या शिक्षणाचा सगळ्यात चांगला मोबदला तिथे मिळतो. तिथे सिव्हिलपेक्षा इलेक्ट्रॉनिक्सवाले जास्त. चौकाच्या कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या कॅबिनेटमध्ये दिवे चालवणारा कंट्रोलर असतो, गाडी आल्याचं ओळखणाऱ्या डिटेक्टरची कार्डं असतात आणि एक कॉन्फ्लिक्ट मॉनिटर असतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांना चुकून एकदम हिरवा मिळाला, तर साधारण अर्ध्या सेकंदात तो सगळा चौक लाल लुकलुकण्यावर टाकतो. रात्री दोन वाजता ट्रकने खांब पाडला तर जावं लागतं, ओव्हरटाइम मिळतो, बऱ्याच शहरांत युनियन असते. यात इम्सा, म्हणजे इंटरनॅशनल म्युनिसिपल सिग्नल असोसिएशन या संस्थेची प्रमाणपत्रं चालतात, पायरीपायरीने. अनेक जाहिरातींत पहिली पायरी नोकरी लागल्यावर ठरावीक मुदतीत पूर्ण करा असंच लिहिलेलं असतं. डिग्री कुणी विचारत नाही. पुढे ट्रॅफिक सिग्नल ऑपरेशन्स स्पेशालिस्ट हे प्रमाणपत्रही पीई नसताना घेता येतं. तुमची पार्श्वभूमी सिव्हिलची असली तरी एखादा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि एक नेटवर्किंगचा विषय घेऊन ठेवा. आता चौकाचौकांत फायबर पोचतंय, आणि कंट्रोलर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच्या नोंदी ठेवतो. त्या वाचून टायमिंग सुधारणारी माणसं कमी आहेत.

उलट नुसती मोजणी करणाऱ्यांची कामं आटतायत. कॅमेऱ्यातून आपोआप मोजणी होते, खाजगी कंपन्या डेटा विकतात. नळ्या टाकायच्या जोरावर निवृत्तीपर्यंत जाता येईल असं मी आज कुणाला सांगणार नाही.

आता वर चढताना छप्पर कुठे लागतं? पगारापासून बघू. 2023 च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या सिव्हिल इंजिनिअरिंग टेक्निशियनचा मध्यक पगार वर्षाला 60 हजार डॉलरच्या थोडा वर होता, सिव्हिल इंजिनिअरचा 95 हजारांच्या आसपास. कॅलिफोर्नियात दोन्ही आकडे वर सरकतात, घरभाडंही सरकतं. पण पैशापेक्षा टोचतं ते दुसरंच. एखाद्या चौकाचं टायमिंग तुम्हीच काढता, सपाट रस्त्यावर ताशी 30 मैलांना पिवळा 3.2 सेकंद, पादचाऱ्याला सेकंदाला साडेतीन फुटांच्या हिशेबाने वेळ, सगळं तुम्हीच भरता, आणि कागदावर सही दुसऱ्याची. नगर परिषदेपुढे बोलायला तोच उभा राहतो. काही वर्षं ते चालतं. मग एखाद्या दिवशी तुमच्याहून दहा वर्षांनी लहान, तुम्हीच काम शिकवलेला माणूस तुमचा साहेब होऊन येतो. मला हे सहन झालं नाही म्हणून मी डिग्रीकडे वळले, असं सांगितलं तर ते खोटं ठरणार नाही. सगळ्यांना सहन होत नाही असंही नाही. संध्याकाळी पाचला घरी जाऊन मुलांचा अभ्यास घेणारे, सुखी सीनियर टेक्निशियन मी रोज बघते.

म्हणून कोर्स निवडताना दारं उघडी ठेवा. असोसिएट डिग्रीत दोन जाती आहेत. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही नोकरीसाठी, तिचे बरेचसे विषय विद्यापीठ पुढे धरत नाही. असोसिएट ऑफ सायन्स ही ट्रान्सफरसाठी, तिच्यात कॅल्क्युलस आणि फिजिक्स असतं आणि तिच्या जोरावर विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. आपल्याकडे डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला जातात, तसंच काहीसं. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत ही नावं इतकी काटेकोर पाळत नाहीत, त्यामुळे नावावर जाऊ नका, समुपदेशकाकडून कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो याची यादी लेखी घ्या. दुसऱ्या राज्यातल्या माझ्या एका ओळखीच्या बाईंनी दोन वर्षं उत्तम मार्कांनी केली आणि डिग्रीला गेल्या तेव्हा जवळजवळ सगळं पहिल्यापासून करावं लागलं, कारण त्यांचं गणित 'टेक्निकल मॅथ' होतं. आज तुम्हाला डिग्री नको आहे हे कबूल. तरी कॅल्क्युलस करून ठेवा. पाच वर्षांनी काय हवं असेल ते आज कुणी सांगावं?

आणि तुमच्या बाबतीत एक चांगली बातमी आहे, जी बऱ्याच राज्यांत नाही. अनेक राज्यांत पीईसाठी एबेट या संस्थेने मान्यता दिलेली इंजिनिअरिंगची डिग्री लागते. टेक्नॉलॉजीची डिग्री असेल तर जास्त वर्षांचा अनुभव मागतात किंवा सरळ नाही म्हणतात. कॅलिफोर्निया डिग्रीची सक्तीच करत नाही. शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षं भरावी लागतात. मान्यताप्राप्त डिग्री असेल तर तिची चार वर्षं धरतात, नसेल तर लायसन्सधारक इंजिनिअरच्या हाताखालचा अनुभव दाखवावा लागतो. परीक्षा मात्र द्याव्या लागतात: आधी एफई, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मूलभूत विषयांची, मग पीई, आणि सिव्हिलसाठी वर भूकंप आणि सर्व्हेइंगच्या दोन. शिवाय ट्रॅफिक इंजिनिअर असं स्वतंत्र लायसन्सही हे राज्य देतं, आणि ते नाव लावायला तेच लागतं. म्हणजे डिग्री न करताही कागदोपत्री तुमची वाट बंद नाही. प्रत्यक्षात मात्र दोन अडचणी येतात. एफईची तयारी वर्गाबाहेर एकटीने करणं जड जातं, आणि बोर्डाला नुसता टेक्निशियनचा अनुभव पुरत नाही, इंजिनिअरिंगचे निर्णय घेतल्याचा अनुभव लागतो. पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा: कुठला प्रकल्प, त्यात तुम्ही काय ठरवलं, कुणाच्या देखरेखीखाली. तुमचा साहेब लायसन्सधारक आहे ना, हे मुलाखतीतच विचारा. त्याचीच शिफारस पुढे लागणार आहे. आणि इथलं डिग्रीविना मिळवलेलं लायसन्स दुसरं राज्य मान्य करेलच असं नाही. नवऱ्याची बदली टेक्सासला होणार असेल तर हे गणित बदलतं.

व्हिसाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण यावर सगळंच अडतं. एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्या नवऱ्यासोबतच्या व्हिसावर असाल तर शिकता येतं, काम करता येत नाही. वर्क परमिट हवं, आणि ते 2015 च्या नियमाप्रमाणे मुख्यतः नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-140 हा अर्ज मंजूर झाला असेल तरच मिळतं. इंटर्नशिपलाही हेच लागू. टेक्निशियनच्या जागेवर एच-1बी मिळेल या आशेवर राहू नका, त्याला किमान बॅचलर डिग्री लागणारं काम असावं लागतं. भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजला येण्याचा विचार करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: असोसिएट डिग्रीनंतर वर्षभराची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी मिळू शकते, पण पुढची दोन वर्षांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची) मुदतवाढ बॅचलर किंवा वरच्या डिग्रीलाच आहे. त्यांनी या वाटेला न आलेलं बरं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट असेल तर मात्र निर्धास्त या.

तुमच्या जागी मी असते तर रहिवासाचं वर्ष भरेपर्यंत डिप्लोमाच्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घेतलं असतं, कारण एखादा सर्व्हेइंगचा विषय माफ झाला तर तेवढंच. वर्ष भरल्यावर संध्याकाळच्या वर्गात कॅल्क्युलस सुरू केलं असतं. जवळच्या चार-पाच शहरांच्या संकेतस्थळांवर 'ट्रॅफिक टेक्निशियन' आणि 'इंजिनिअरिंग एड' या जागांच्या जुन्या जाहिराती काढून त्यांत काय मागतात ते वाचलं असतं. त्यांत एक ओळ जवळजवळ प्रत्येकीत सापडेल: वैध ड्रायव्हिंग लायसन्स. आपल्याकडून आलेल्या बायका हे शेवटी ठेवतात आणि मुलाखतीच्या आधी धावाधाव करतात. ते आधी काढा, आणि सराव करताना शहराच्या पिकअप ट्रकएवढी मोठी गाडी चालवून बघा.